टाके घातलेल्या चुण्या

चित्रकला महाविद्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, एक भांडार होतं. त्यात तीन पोचे पडलेली किटली होती, कडी तुटलेली लाकडी पेटी होती, एक हिरवी बाटली होती, आणि या सगळ्यांवर मालकिणीसारखी नजर ठेवणाऱ्या मावशी होत्या. मावशींना खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. मुलांनी त्यांना कधीच चुणीमावशी करून टाकलं होतं. त्याही त्या हाकेला ओ देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

चुणीमावशी का, तर पहिल्या वर्षाच्या वर्गात जे स्थिरचित्र मांडलं जायचं, त्याखालचं राखाडी कापड त्या अंथरायच्या. किटली, पेटी, बाटली, दोन कांदे आणि कापडाला तीन चुण्या. एक लांब चुणी किटलीच्या पोटाखालून निघून डावीकडे उतरणारी, आणि दोन आखूड. ही मांडणी सव्वीस वर्षं तीच होती. पहिल्या वर्षाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांचा तसा नियमच होता. "मांडणी एक, तर माप एक," ते म्हणायचे. "यंदाच्या मुलाचा हात आणि दहा वर्षांपूर्वीच्या मुलाचा हात एकाच तराजूत तोलता आला पाहिजे. पाया आहे हा. पाया कोणी दरवर्षी उकरतं का?"

टेबलावर लाल रंगाचे ठिपके होते. किटली कुठे, पेटीचा कोपरा कुठे, सगळं ठिपक्यांवर. कांदेसुद्धा सुटले नव्हते. मावशी मंडईत जाताना एक जुनी बांगडी घेऊन जायच्या आणि कांदा तिच्यातून पार होतो की अडकतो, ते बघून घ्यायच्या. भाजीवाला एकदा वैतागून म्हणाला होता, "मावशी, कांदा घेताय की जावई बघताय?"

"जावई एवढा पारखून घेतला असता, तर आज सुखात असते," मावशी म्हणाल्या. खरं तर जावई चांगला होता, पण हातात आलेलं वाक्य सोडवत नाही माणसाला.

या नोकरीत त्या आल्या त्याचीही गोष्ट आहे. त्याआधी त्या एका शिंप्याच्या दुकानात हातशिलाई करायच्या. हात एवढा बारीक की टाका शोधायला भिंग लागावं; पण बारीक हाताला वेळही लागतो, आणि दुकानदाराला घाई. त्याने एक दिवस सांगितलं, "बाई, तुमचं काम सोन्यासारखं आहे, पण मला पितळेच्या वेगाने हवंय." मग मावशी महाविद्यालयात फरशी पुसायला लागल्या. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी दुपारच्या सुट्टीत, कोणी न सांगता, मोठ्या वर्गाचा फाटलेला पडदा शिवला. मोठे सर तिथून चालले होते. ते थांबले, पडदा हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "फाटलेला कुठे होता?" आठवड्याभरात मावशींच्या हातातला पोछा जाऊन भांडाराच्या किल्ल्या आल्या. सरांनी त्यासाठी कार्यालयात तीन अर्ज लिहिले, एकाशी भांडणही केलं. हे मावशी कधी विसरल्या नाहीत. मुलीचं शिक्षण, घराची स्लॅब, नवऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन, या सगळ्याच्या मागे त्यांना तो पडदा दिसायचा आणि पडद्यामागे सर.

म्हणूनच, सरांनी पहिल्या वर्षी "मावशी, चुणी हलता कामा नये" असं सांगितलं, तेव्हा मावशींनी ते शब्दशः घेतलं. कापड रोज हलायचं. मुलं धक्का द्यायची, पंखा लागला की चुणी सरकायची. दुसऱ्या वर्षी त्यांनी युक्ती केली. चुण्या एकदा मनासारख्या बसवल्या आणि मागच्या बाजूने टाके घालून पक्क्या करून टाकल्या. ज्या बाजूला टाक्यांचे बारीक ठिपके उमटायचे, ती चुणीची बाजू खिडकीच्या विरुद्ध, सावलीत जायची. बस्स. कापड उचला, घडी न घालता खुंटीला लावा, पुन्हा अंथरा. चुणी जिथल्या तिथे.

सरांना हे माहीत नव्हतं. ते पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "आमच्या मावशींच्या हाताला कापड ओळखतं. रोज अंथरतात, रोज तीच चुणी!" मावशी खाली बघायच्या. आधी सांगायचं राहून गेलं, मग सांगायची लाज वाटली, आणि मग पंचवीस वर्षं झाली.

त्या वर्षी पहिल्या वर्षाला साठ मुलं होती आणि एक नव्या बाई शिकवायला आल्या होत्या. नव्या बाई सभेत उभं राहून बोलायच्या. पहिलं वर्ष बदलायला हवं, मुलं बघायला शिकत नाहीत, सवय शिकतात, वरच्या वर्गातल्यांचे कागद आणून घरी घोटतात, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. चांगले मार्क मिळालेल्या जुन्या कागदांच्या झेरॉक्स जिन्यात हातोहात फिरायच्या. सर एवढंच म्हणायचे, "घोटल्याशिवाय हात बसत नाही, बाई." दोघंही आपापल्या जागी हट्टी होते, आणि मधल्या मधे चहा गार व्हायचा.

साठातली एक मुलगी बुटकी होती, म्हणून सगळे तिला बुटकीच म्हणायचे. तिचे वडील गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवायचे. "एक वर्ष देतो," त्यांनी सांगितलं होतं, "पास झालीस तर पुढे शीक, नाहीतर माझ्याबरोबर पाट्या रंगव. उपाशी नाही मरायची." ती उशिरा प्रवेश घेऊन आली, वरच्या वर्गात तिच्या ओळखीचं कोणी नव्हतं, झेरॉक्स तिच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. मागे बसलं तर काही दिसायचं नाही, म्हणून ती टेबलाला नाक लागेल अशा सगळ्यात पुढच्या, ठेंगण्या बाकावर बसायची. भांडारात वस्तू परत ठेवायला तीच मदत करायची आणि जाताना न चुकता म्हणायची, "मावशी, किटलीचा चौथा पोचा मी पाडलेला नाही हं."

वार्षिक परीक्षेच्या चार दिवस आधी मावशींच्या नाकाला कापडाचा वास आला. कुबट. एवढ्या वर्षांत त्यांनी ते झटकलं होतं, उन्हात टाकलं होतं, पण टाके उसवायचा धीर झाला नव्हता. आता इलाज नव्हता. त्यांनी कापड घरी नेलं, टाके उसवले, धुतलं, इस्त्री केली, आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून पुन्हा चुण्या घातल्या. हात सवयीने चालत होता. बाहेरून नवरा ओरडत होता, "अगं, भात लागला!" भात खरंच लागला होता. त्यांनी एका हाताने गॅस बंद केला आणि दुसऱ्या हाताने शेवटचा टाका घातला.

परीक्षा झाली. मांडणी उचलली गेली. सरांनी त्यांच्या केबिनमध्ये बसून दोन दिवसांत साठ कागद तपासले आणि गठ्ठा भांडारात पाठवला, कारण कागद बांधून कपाटात ठेवणं हे मावशींचं काम. निकाल तीन दिवसांनी लागणार होता.

मावशी गठ्ठा बांधायला बसल्या. सगळ्यात वर नापास झालेला एकच कागद होता. बुटकीचा.

त्यावर सरांच्या लाल अक्षरात लिहिलं होतं: "निरीक्षण शून्य. लांब चुणी उलट्या दिशेला. शिवाय कापडावर हे टाके कुठून आले?"

मावशींनी कागद खिडकीपाशी नेला. किटली होती, बाटली होती, कांदे होते. लांब चुणी उजवीकडे उतरत होती. आणि चुणीच्या कडेला, पेन्सिलीच्या टोकाने, हलक्या हाताने काढलेले सात ठिपके होते. ठिपके नव्हेत, टाके. थोडे तिरके, दोन टाक्यांत सारखं अंतर, आणि शेवटचा जरा घाईने ओढलेला. तो भात लागला तेव्हाचा टाका होता.

मावशींनी खुंटीवरचं कापड काढलं आणि टेबलावर टाकलं. लांब चुणी उजवीकडे. त्यांनी कपाळावर हात मारला. कापड उलटं ठेवून मागून शिवताना डावं उजवं होतं, हे शिंप्याच्या दुकानात पहिल्याच दिवशी सांगतात. फरशीवर कापड पालथं टाकून त्यांनी चुणी डोळ्यांना सवयीची दिसेल तशी घातली होती; सुलटं केल्यावर ती आरशातल्यासारखी फिरली होती. म्हणूनच टाक्यांची बाजू सावलीऐवजी खिडकीच्या उजेडात आली होती. परीक्षेच्या दिवशी अंथरताना मावशींनी लाल ठिपके बघितले होते. कापडाकडे बघायची त्यांना गरजच वाटली नव्हती.

त्यांनी बाकीचे एकोणसाठ कागद एकेक करून बघितले. अठ्ठावन्न कागदांवर चुणी डावीकडे उतरत होती, जी त्या दिवशी टेबलावर नव्हतीच. आणि एका मुलाने चुणीच्या जागी एवढं खोडलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. भोकाच्या बाजूने त्यानेही शेवटी डावीकडेच काढली होती. सगळे पास. काहींना तर शाबासकीही होती.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. वळण आलं की आधी ब्रेकवर पाय ठेवणारा माणूस. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला कळलंय का? नाही ना? दीड वर्ष राहिलंय तुझं."

"पोरगी नापास झालीय."

"मग त्या नव्या बाईंना हळूच सांग. त्यांना आयतंच हत्यार मिळेल, तुझं नाव मागे राहील."

मावशी ताट पुढे सारत म्हणाल्या, "सरांच्या पाठीत बाईंच्या हाताने सुरी घालू? ज्याने भाकरी दिली त्याच्या?"

"मग गप्प बस."

"आणि त्या पोरीने नंबरपाट्या रंगवायच्या?"

नवऱ्याने ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, "उद्या मी सोडतो तुला स्कूटरवर. चालत गेलीस तर वाटेत विचार बदलशील." चाळीस वर्षांच्या संसारात त्याने काढलेलं हे सगळ्यात प्रेमाचं वाक्य असावं, असं मावशींना वाटलं.

सकाळी सर केबिनमध्ये निकालाच्या यादीवर सह्या करत होते. मावशींनी कापड त्या यादीवरच पसरलं, पालथं.

"अहो मावशी, शाई ओली आहे!"

"सर, मागची बाजू बघा."

सरांनी चष्मा सारखा केला. आधी त्यांना कळेना. मग त्यांनी बोटाने दोरा चाचपला, एक टाका, दुसरा टाका. पडदा बघितला होता त्या दिवसासारखंच त्यांनी कापड उलटसुलट केलं.

"हे कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून," मावशी म्हणाल्या. "हाताला कापड ओळखतं वगैरे काही नाही, सर. मी शिवून ठेवत होते. तुम्ही कौतुक करायचात आणि मी खाली बघायचे. आणि या खेपेला उलटं शिवलं. परीक्षेला लांब चुणी उजवीकडे होती. चूक माझी. शिक्षा मला द्या, पोरीला नको."

एवढं एका दमात बोलून त्यांनी बुटकीचा कागद कापडाशेजारी ठेवला. सरांनी कागद बघितला, कापड बघितलं, पुन्हा कागद. मग ओठांनी मोजले. कापडावर सात. कागदावर सात. शेवटच्या टाक्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हा असा का?"

"भात लागला होता, सर."

सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि ते खुर्चीत मागे टेकले. मावशींच्या मनात आलं, संपलं, किल्ल्या टेबलावर ठेवाव्यात. त्यांनी जुडगा काढलासुद्धा.

"किल्ल्या आत ठेवा," सर म्हणाले. "आणि मांडणी लावा. परीक्षेला होती तशी. सगळ्यांना बोलवा, नव्या बाईंनाही."

अर्ध्या तासात साठ मुलं वर्गात उभी होती. सरांनी सांगितलं, कागद नको, पेन्सिल नको, फक्त बघा आणि लांब चुणी कुठल्या बाजूला उतरतेय ते सांगा. वर्गात कुजबुज झाली. मग हळूहळू हात वर गेले, आणि सगळे हात एकच दिशा दाखवत होते. उजवीकडे.

"परीक्षेलाही अशीच होती," सर म्हणाले. "मग तुम्ही डावीकडे का काढलीत?"

भोक पाडणारा मुलगा मान खाली घालून म्हणाला, "सर, मला उजवीकडे दिसली होती. तशीच काढली होती. मग म्हटलं एवढ्या वर्षांची चुणी कशी चुकेल, मीच चुकत असणार. म्हणून खोडली."

सर टेबलाशी उभे होते. त्यांचा हात किटलीवर होता, आधारासाठी घेतल्यासारखा. "तू चुकला नव्हतास," ते म्हणाले. "मी चुकलो. मी साठ कागद तपासले ते माझ्या डोक्यातल्या चुणीवरून. टेबलाकडे मी किती वर्षांत बघितलेलं नाही, मलाच माहीत नाही. एका मुलीने बघितलं, तिला मी शून्य निरीक्षण दिलं." त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, बुटकीच्या कागदावरचा शेरा सगळ्यांसमोर खोडला आणि खाली सही केली. "ही पास. बाकीच्यांची परीक्षा उद्या पुन्हा. मांडणी नवी असेल. कशी, ते मलाही माहीत नसेल."

नव्या बाईंना त्या दिवशी "मी म्हणत नव्हते का?" असं म्हणायची पूर्ण मुभा होती. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी सरांना पाण्याचा ग्लास दिला आणि शेजारी उभ्या राहिल्या. मावशींना त्या बाई त्या क्षणापासून आवडायला लागल्या.

दुपारी बुटकी भांडारात आली. डोळे लाल होते आणि हातात तो कागद होता.

"मावशी, रागावू नका. मला माहीत नव्हतं ते लपवलेले आहेत."

"मग काढलेस कशाला?"

"दिसत होते ना. आणि फार सुंदर होते. आख्ख्या मांडणीत मला तेच आवडले. किटलीपेक्षा. कोणीतरी हाताने घातलेत, हे कळत होतं."

मावशींनी किटली पुसायला घेतली, पुसलेलीच होती तरी. या वर्गातून दीड हजार पोरं गेली असतील. सगळ्यांनी ते कापड चार चार तास समोर ठेवून काढलं होतं. शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईकं कपडा घालून निघून जायची. इथे पोरं मार्क घेऊन निघून जायची. त्यांच्या टाक्याकडे कोणी बघितलं असेल तर एकदा मोठ्या सरांनी, पडद्यावर, आणि आता या पोरीने. किटली ठेवून त्यांनी बुटकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांना रडू आवरलं नाही, आणि त्यांनी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. "तुझे उपकार झाले गं माझ्यावर," त्या म्हणाल्या. बुटकीला वाटलं, वाक्य उलटं झालं. पण ते सुलटंच होतं.

कागद तिने भांडारातच ठेवला. तो आता किल्ल्यांच्या खुंटीशेजारी, खिळ्याला लावलेला आहे.

सुट्टीत सर आणि नव्या बाई रोज भांडारात येऊन बसू लागले, कारण केबिनमध्ये दोघांचं भांडण लवकर सुरू व्हायचं आणि मावशींसमोर जरा लाज वाटायची. पहिल्या वर्षाचा सगळा अभ्यासक्रम त्यांनी त्या जिन्याखाली उसवला. जुन्या कागदांच्या झेरॉक्सवर बंदी घालायची, असं सर म्हणाले. बाई म्हणाल्या, बंदी कशाला, मांडणी रोज वेगळी असेल तर झेरॉक्स घेणार कोण? सर त्यावर दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी मान्य करून आले. मार्क कसे द्यायचे यावर एकमत झालंच नाही. ते आजही झालेलं नाही. टेबलावरचे लाल ठिपके मावशींनी रॉकेलच्या बोळ्याने पुसले. दोन ठिपके काही निघाले नाहीत. बांगडी त्यांनी भाजीवाल्याला नेऊन दाखवली आणि म्हणाल्या, "आजपासून कुठलाही कांदा चालेल."

"म्हणजे जावई मिळाला?" त्याने विचारलं.

नव्या वर्षाचा पहिला दिवस उजाडला. साठ नवी मुलं, नवे कोरे बोर्ड, टोक केलेल्या पेन्सिली. सर पुढे गेले नाहीत. ते नव्या बाईंना म्हणाले, "सुरुवात मावशी करतील," आणि सगळ्यात पुढच्या ठेंगण्या बाकावर, बुटकी बसायची तिथे, गुडघे पोटाशी घेऊन बसले. बुटकी दुसऱ्या वर्षात गेली होती. ती दाराशी उभी राहून बघत होती.

मावशींनी कापड दोन्ही हातांनी धरलं. आता त्यात एकही टाका नव्हता. त्यांनी ते वर उडवलं आणि सोडून दिलं. कापड फुगलं, टेबलावर आलं, एका कोपऱ्यात गोळा झालं आणि अर्धं खाली लोंबत राहिलं. चुण्या कुठे तीन, कुठे तेरा. सवयीने मावशींचा हात पदराला टोचलेल्या सुईकडे गेला.

"राहू द्या, मावशी," ठेंगण्या बाकावरून सर म्हणाले. "मला आधी बघू दे."